गुरुवारी आलेला सोमवार

नांदुऱ्याला स्टेशनच्या मागच्या अंगाला एक जिन आहे. शेतकऱ्यांचा कापूस तिथं उतरतो, रेचा नावाच्या यंत्रातून सरकी वेगळी होते आणि रुई दाबून गाठी बांधल्या जातात. या जिनमध्ये नूरजहां अठरा हंगाम कवडी वेचत होती. कवडी म्हणजे नीट न फुललेला, किडीनं पिवळा पडलेला कापूस. गाडी रिकामी झाली की बायका त्या ढिगात गुडघ्यापर्यंत रुतून बसायच्या आणि चांगल्या मालातून कवडी काढून मागं टाकायच्या. काम बसून करायचं, वर सावली, सोबतीला गप्पा. शेतातल्या वेचणीपेक्षा ते बरं, असं सगळ्याच म्हणत.

नूरजहांचा नवरा शकील गाद्या भरायचा. दोन्ही मुलींची लग्नं होऊन गेली होती. घरात आता दोघंच, आणि दोघांच्याही कपड्यांना कायम कापसाचं तूस चिकटलेलं.

बोंडअळीच्या सालाच्या आदल्या हिवाळ्यात नूरजहांला खोकल्यानं धरलं. पंधरा दिवस काढा घेतला, मग धाप लागून बसायलाच लागली, तेव्हा शकीलनं तिला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेऊन टाकलं. तिथं ती आठ दिवस होती. त्या आठ दिवसांत वॉर्डातल्या सगळ्या नर्सांना तिचं नाव पाठ झालं, कारण ती प्रत्येक गोष्ट विचारायची. ही बाटली कशाची? वाफ देता तर तिला वास काऊन येते? सकाळी एक गोळी आणि संध्याकाळी दोन, असं काऊन? बहुतेक जण हसून पुढं जात. डॉक्टर श्रद्धा मात्र थांबायची. ती सार्वजनिक आरोग्याच्या विभागात शिकवायची, वयानं पस्तिशीची, बुलढाण्याच्या एका कारकुनाची मुलगी. तिनं नूरजहांला एक प्लास्टिकची नळी फुंकायला दिली होती. जोरात फुंकलं की नळीवरचा लाल काटा पुढं सरकायचा आणि आकड्यापाशी थांबायचा. छातीत किती जोर आहे ते त्यावरून कळतं, असं श्रद्धानं सांगितलं. नूरजहांनं ती नळी उलटसुलट करून पाहिली, आत बोट घालून पाहिलं आणि मग फुंकली.

पुढच्या दिवाळीनंतर श्रद्धाचा फोन आला.

"नूरजहांबाई, जिनमधल्या कामगारांच्या श्वासाचा आम्ही अभ्यास करतोय. त्याची एक समिती आहे. तुम्ही याल का तिच्यात?"

"समितीत येऊन मी काय करू? तपासाचं असंन तं तपासा."

"तपासायला नाही. अभ्यास कसा करायचा ते ठरवायला. ज्यांना तो आजार झालाय अशी दोन माणसं समितीत असलीच पाहिजेत, असं आम्ही या वेळी ठरवलंय."

शकीलला हे सांगितलं तेव्हा तो सुईत दोरा ओवत होता. "डॉक्टर लोक तुले पुसून अभ्यास करतीन?" तो हसला.

"तेच तं पाहाचं हाय," नूरजहां म्हणाली. "काऊन बलावून राह्यले ते."

बैठक कॉलेजातच होती. लांब टेबल, आठ माणसं, प्रत्येकासमोर कागदांची चवड. दुसरा रुग्ण म्हणून गाठी बांधणारा रंगराव आला होता. तो सगळा वेळ हात मांडीवर ठेवून बसला आणि त्या दिवसानंतर पुन्हा आला नाही. नूरजहांला मराठी वाचता यायचं, पण हळू. तिचं शिक्षण उर्दू शाळेतलं, चौथीपर्यंतचं. म्हणून तिनं कागदाकडं न बघता बोलणाऱ्यांच्या तोंडाकडं बघायचं ठरवलं.

आकडेमोड पाहणारे शंतनु सर बोलत होते. तीन जिनमधल्या एकशे चाळीस कामगारांचे फॉर्म भरून झाले होते. खोकला पुष्कळांना होता. पण ज्या आजाराचा संशय होता, कापसाच्या धुळीनं छाती धरणारा, त्याची खूण कुठंच सापडत नव्हती. "अकराव्या प्रश्नाला जवळजवळ सगळ्यांनी नाही म्हटलंय," ते म्हणाले. "त्यामुळे हा साधा खोकलाच दिसतो. विडी, चुलीचा धूर, थंडी. अशी कारणं असतील."

"अकरावा प्रश्न कोनता हाय?" नूरजहांनं विचारलं.

सगळे तिच्याकडं वळले. शंतनु सरांनी वाचून दाखवलं: "सोमवारी कामावर गेल्यानंतर छातीत आवळल्यासारखे वाटते काय?"

"सोमवारीच काऊन?"

कुणीतरी हसलं. श्रद्धानं मात्र खुर्ची तिच्याकडं वळवली आणि समजावून सांगितलं. कापसाची धूळ रोज छातीत गेली की शरीराला तिची सवय होते. एक दिवस सुट्टी पडली की ती सवय मोडते. मग कामाच्या पहिल्या दिवशी छाती एकदम धरते, दुसऱ्या दिवशी कमी धरते, तिसऱ्या दिवशी आणखी कमी. जुन्या काळी परदेशातल्या गिरण्यांमध्ये डॉक्टरांच्या हे लक्षात आलं. तिथं रविवारी सुट्टी असायची, म्हणून त्रास सोमवारी. पुस्तकात तसंच लिहिलेलं आहे आणि जगभर हाच प्रश्न विचारतात.

 चहा आला, तो नूरजहांनं घेतला नाही.

"हे होते," ती शेवटी म्हणाली. "अस्संच होते. मले वाटे मलेच होते. पन सोमवारी नाई होत, मॅडम."

"मग कधी होतं?"

"आमच्या जिनले रविवार कुठी हाय? बीटी आली तवापासून कापूस एवढा येत होता का दसऱ्यापासून होळीपर्यंत जिन बंदच नाई राहे. सोमवार काय आन् शुक्रवार काय, सारखाच. यंदा बोंडअळीनं माल खाल्ला. गाड्याच येऊन नाई राह्यल्या. जिन तीन दिवस चालते, पाच-सात दिवस बंद राह्यते. माल जमला का पुन्हा चालते. मंग ज्या दिवशी चालू होते त्या दिवशी समद्या बाया खोकलतात. तो दिवस मंगळवार असंन, नाई तं शनिवार असंन. तुमी सोमवारचं पुसलं, तं बाया नाई म्हनतीनच ना."

"हे आधी कुणीच कसं सांगितलं नाही?" श्रद्धानं विचारलं.

"पुसलंच नाई कोनी."

टेबलाभोवती थोडी कुजबुज झाली. शंतनु सर वाईट माणूस नव्हते, पण काटेकोर होते. ते म्हणाले, "एकशे चाळीस फॉर्म भरून झालेत. आता मधेच प्रश्न बदलला, तर जुने आणि नवे एकत्र मोजता येणार नाहीत. शिवाय उद्या कुणी म्हणेल, रुग्णानं सुचवलं आणि तेच उत्तर तुम्ही काढलंत."

नूरजहांला हा मुद्दा पटला. एकीनं छाती भरून येते म्हटलं की बाकीच्याही म्हणतात, हे तिनं ढिगावर बसून अनेकदा पाहिलं होतं. ती विचार करून म्हणाली, "मंग पुसू नका. फुंकाले लावा. वार्डात तुमी मले ते नळी देल्ती ना, ते तं कोनाचं आयकून बोलत नाई. जिन बंद असतानी फुंकू द्या, चालू झाल्यावर फुंकू द्या. फरक पडला तं दिसंन."

शंतनु सरांनी पेन खाली ठेवलं. 

"सुट्टीत एकदा, मग सुरू होण्याच्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी, मग पुढचे दोन दिवस," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "करता येईल. पण जिन कधी सुरू होणार, हे आपल्याला आदल्या दिवशी कळायला हवं."

"ते मी सांगीन ना," नूरजहां म्हणाली.

*

बोलणं सोपं होतं. बायकांना तयार करणं तसं सोपं निघालं नाही.

सत्यभामाबाई त्या सगळ्यांत मोठी. साठीला आलेली, आवाज खणखणीत, आणि ढिगावरच्या बायका तिच्या शब्दाबाहेर नसत. तिनं नळी हातात घेतली आणि लगेच परत दिली. "दमेकरी म्हून नाव लागलं तं भगवंतराव उद्या कामावर घेईन का? आन् ह्या सुमीच्या पोरीले पाहाले येऊन राह्यले लोक. घरात दमा हाय म्हनतीन."

भगवंतराव म्हणजे जिनचे मॅनेजर. कुणाला कामावर घ्यायचं ते तेच ठरवत.

नूरजहांनं श्रद्धाला हे जसंच्या तसं सांगितलं, आणि दोघींनी दोन संध्याकाळी बसून सगळं नव्यानं लिहिलं. फॉर्मवरून दमा हा शब्दच काढला. "श्वसनास त्रास होतो काय" याच्या जागी "दम भरून येते का" आलं. "छातीत आवळल्यासारखं"च्या जागी श्रद्धानं आधी "छाती जड होते" लिहिलं होतं. नूरजहांनं मान हलवली. "जड तं दुःखानं होते. हे छाती भरल्यासारखं होते. गादीत रुई ठोसून भरली ना, तसं." ते श्रद्धानं तसंच लिहून घेतलं. नावांच्या जागी नंबर आले. कुणाचा नंबर कोणता, ते फक्त श्रद्धाच्या कपाटातल्या वहीत राहणार होतं. फुंकायचं ते जिनच्या आवारात नाही, सत्यभामाबाईच्या ओट्यावर. तिचं घर फाटकापासून चार घरं सोडून होतं आणि येता-जाता सगळ्या तिथं पाणी प्यायला थांबतच असत.

मग नूरजहांनं ओट्यावर सगळ्यांसमोर आधी स्वतः फुंकलं आणि आपला आकडा मोठ्यानं सांगितला. सत्यभामाबाई म्हणाली, "आन इकडं. पाहू दे." तिनं फुंकलं तेव्हा लुगड्याचा पदर उडाला आणि बायका हसायला लागल्या. नळीचं नाव त्याच दिवशी फुंकणी पडलं. बावीस बायका तयार झाल्या.

जिन तेव्हा बंदच होती. सुट्टीतले आकडे घेऊन झाले आणि वाट बघणं सुरू झालं. नूरजहां रोज सकाळी दूध आणायला म्हणून निघायची आणि फाटकातून आतला ढीग बघायची. आवारात विजेचे तीन खांब होते. ढीग दुसऱ्या खांबाला टेकला की भगवंतराव रेचे सुरू करत, हे तिला इतक्या वर्षांच्या बघण्यातून माहीत होतं. पण कापूस येतच नव्हता. शेतात बोंडं होती, पण उघडली की आत अळी. लोक कापसाच्या उभ्या पऱ्हाटीत नांगर घालत होते. एखादी गाडी यायची, तिच्यातला माल पिवळा, डागाळलेला, गेल्या वर्षी कुणी हातात धरला नसता असा. ढीग इंचाइंचानं चढत होता.

श्रद्धाचा रोज संध्याकाळी फोन यायचा. "आज?"

"अजून नाई."

नवव्या दिवशी, बुधवारी, तीन गाड्या एकदम आल्या. संध्याकाळी फाटकावरचा चौकीदार घरोघर निरोप देत फिरला. नूरजहांनं त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघतच फोन लावला.

"मॅडम, उद्या तुमचा सोमवार हाय."

"उद्या तर गुरुवार आहे, आपा." श्रद्धाच्या तोंडून आपा पहिल्यांदाच निघालं, ते दोघींनाही कळलं.

"हाव. गुरुवारीच आला यंदा."

सकाळी सातला श्रद्धा आणि शंतनु सर सत्यभामाबाईच्या ओट्यावर हजर होते. थंडी होती, बायका हात चोळत येत होत्या. एकेकीनं तीन-तीनदा फुंकलं, त्यातला मोठा आकडा शंतनु सरांनी लिहिला. मग बायका आत गेल्या आणि थोड्या वेळानं रेच्यांची घरघर रस्त्यावर ऐकू यायला लागली.

दिवसभर नूरजहां ढिगावर होती. ढिगात बसल्या बसल्या तिनं पहिल्यांदाच आजूबाजूला नीट पाहिलं. यंदाच्या मालात कवडी एवढी होती की उपसताना काळी-करडी भुकटी उठायची; अळीनं खाल्लेलं, वाळलेलं, चुरा झालेलं सगळं तिच्यात होतं. दुपारपर्यंत बायकांच्या भुवयांवर तिचा थर बसला. तीन वाजता सुमी खोकायला लागली. मग एकामागून एक. कुणी त्याबद्दल काही बोललं नाही, कारण पहिल्या दिवशी असं होतंच. नूरजहांची मात्र उत्सुकता अनावर झाली होती. संध्याकाळ होतेय कधी आणि फुंकणी हातात येतेय कधी, असं तिला झालं.

सहाला ओट्यावर पुन्हा रांग लागली. सत्यभामाबाईचा सकाळचा आकडा तीनशे दहा होता. आता तिनं फुंकलं, लाल काटा सरकला आणि दोनशे साठवर थांबला.

"नीट नाई फुंकलं मी," ती म्हणाली.

तिनं पुन्हा फुंकलं. दोनशे पंचावन्न.

"चांगलं वाजवून फुंक ना माय," मागून कुणीतरी म्हणालं. तिसऱ्या वेळी तिचा चेहरा लाल झाला. काटा दोनशे साठच्या पुढं गेला नाही. तिनं फुंकणी खाली ठेवली आणि ती ओट्याच्या कडेला जाऊन बसली. सुमीचा आकडा तीसनं उतरला होता. बावीसपैकी चौदा जणींचा उतरला होता. शंतनु सर लिहिता लिहिता मधेच थांबायचे, चष्मा वर करायचे आणि पुन्हा लिहायचे.

तेवढ्यात भगवंतराव स्कूटर घेऊन बाहेर आले. ओट्यावरची गर्दी बघून त्यांनी स्कूटर थांबवली. "काय चाललंय इथं?"

बायका उठायला लागल्या. श्रद्धा पुढं झाली आणि तिनं सांगितलं, कुठलं कॉलेज, कसला अभ्यास, जिनचं नाव कुठंही येणार नाही. भगवंतराव ऐकत होते, पण त्यांचा चेहरा उतरत चालला होता. "मालकाले हे कळलं तं मले जबाब द्या लागते, मॅडम. एक तं यंदा माल नाई. त्यात हे."

शंतनु सर एकदम म्हणाले, "तुमच्या ऑफिसात किती लोक बसतात?"

"चार. काऊन?"

"तुम्हीही त्याच आवारात असता, पण धुळीत नसता. तुमचे आकडे मिळाले तर आम्हाला ताडून बघता येईल. नाहीतर उद्या लोक म्हणतील, थंडीमुळे सगळ्यांचाच श्वास कमी झाला असेल."

भगवंतरावांनी फुंकणीकडं पाहिलं. मग स्कूटर सुरू करून ते निघून गेले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते दोन कारकुनांना घेऊन ओट्याच्या पायरीशी उभे होते. "पाहू तं द्या, का प्रकार हाय तो," ते म्हणाले. त्यांचा आकडा सकाळी होता तेवढाच संध्याकाळी राहिला, कारकुनांचाही. पुढच्या वेळी, मधे सहा दिवस बंद राहून जिन पुन्हा सुरू झाली तेव्हाही तसंच झालं. ढिगावरच्या बायकांचा आकडा पहिल्या दिवशी उतरला, दुसऱ्या दिवशी थोडा कमी उतरला. काचेच्या केबिनीतल्या लोकांचा जागचा हलला नाही.

*

जानेवारीत श्रद्धानं चौकटीच्या कागदांवर प्रत्येकीची रेघ काढून आणली. तिनं ठरवलंच होतं की आकडे ज्यांचे, त्यांना आधी दाखवायचे. बायकांना आकडे वाचता येवोत न येवोत, रेघ खाली गेली आणि वर आली हे कुणालाही दिसतं. सत्यभामाबाईची रेघ घाटातल्या रस्त्यासारखी होती; जिन सुरू झाली की दरीत, बंद झाली की वर. सुमीची तशीच, पण उथळ. बायका एकमेकींच्या रेघा बघून बोलत होत्या, ही तू माहेरी गेल्ती तवाची, हा तो मंगळवार.

नूरजहांनं स्वतःचा कागद घेतला, खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ बघितला. मग तिनं श्रद्धाला बाजूला बोलावलं.

"मॅडम, ह्या समद्याईची रेघ सुट्टीत वर येते. माही वर काऊन नाई येत?"

श्रद्धाला हा प्रश्न येणार हे माहीत होतं. कागद तिनं स्वतःच काढला होता. 

"खरं सांगा," नूरजहां म्हणाली.

"सुरुवातीला असं असतं की धूळ बंद झाली की छाती पुन्हा मोकळी होते," श्रद्धा म्हणाली. "बरीच वर्षं गेली की काहींची पूर्ण मोकळी होत नाही. सुट्टी असो नसो, आकडा खालीच राहतो. तुमचा एकशे नव्वद ते दोनशेच्या मधेच फिरतोय. गेल्या वर्षी वॉर्डातून जाताना दोनशे तीस होता."

"म्हंजे आता हे गेलं ते गेलं."

"गेलं ते परत येईल असं मी सांगणार नाही. पण अजून जाऊ नये म्हणून थांबवता येतं. तुम्ही ढिगावर बसायचं सोडलंत तर."

नूरजहांनं कागदावर बोट फिरवलं. तिला रडू आलं नाही. तिला पहिल्यांदा आठवलं ते असं, की सात-आठ वर्षांपूर्वी ईदची सुट्टी काढून ती कामावर गेली की तिला संध्याकाळी थंडी वाजून यायची, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत ती थंडी येणं बंद झालं होतं. आपल्याला आता बरं वाटतंय, असं तिनं तेव्हा शकीलला सांगितलं होतं. ती थंडीही धुळीचीच असावी, हे तिच्या आता लक्षात आलं. तिनं हे श्रद्धाला सांगितलं. श्रद्धानं वही काढली आणि लिहून घेतलं, आणि मग वही मिटून ती नूरजहांशेजारी खाली बसली.

त्या दिवशी घरी जाऊन नूरजहांनं शकीलला कागद दाखवला. त्यानं तो दोनदा उलटा धरला, मग सरळ. "उद्यापासून नको जाऊ," तो म्हणाला.

"ह्या हंगामाचे आकडे पुरे होऊ दे."

"आकडे गेले चुलीत!" शकील पहिल्यांदाच तिच्यावर ओरडला.  शेवटी असं ठरलं की ढिगावर बसायचं नाही; पण ओट्यावर जायचं, बायकांची फुंकणी घ्यायची, आणि तेसुद्धा नाकाला ओला रुमाल बांधून.

होळीच्या आधीच जिन त्या सालापुरती बंद झाली. बावीस बायकांच्या आकड्यांनी जगाला हादरा वगैरे बसला नाही. अहवाल लिहिला गेला, एका परिषदेत वाचला गेला, आणि अकरावा प्रश्न बदलून "सुट्टीनंतर ज्या दिवशी जिन सुरू होते त्या दिवशी छाती भरून येते का" असा झाला. दुसऱ्या जिनमध्ये तो तसा विचारला तेव्हा पुष्कळांनी हो म्हटलं. शंतनु सरांनी जुने एकशे चाळीस फॉर्म फेकले नाहीत. चुकीचा प्रश्न विचारला की काय होतं, हे दाखवायला त्यांनी अहवालात त्यांचं वेगळं पान केलं. अहवाल लिहिणाऱ्यांत नूरजहांचं नाव होतं, तिसरं. भगवंतरावांनी पुढच्या हंगामात कवडी वेचायचं काम बंद शेडमधून उघड्या मांडवाखाली आणलं. मालकाला त्यांनी काय सांगितलं ते कळलं नाही. धूळ तिथंही होती, पण वारा तिला घेऊन जायचा. सत्यभामाबाईचा आकडा पहिल्या दिवशी आता तीसनं उतरत होता, पन्नासनं नाही.

*

श्रद्धाच्या डोक्यात मग आणखी एक आलं. रुग्णाला कसं विचारावं हे विद्यार्थ्यांना शिकवायचं तर ते नूरजहांनंच का शिकवू नये? नूरजहां म्हणाली, "मले शिकवता नाई येत." श्रद्धा म्हणाली, "तुम्ही फक्त बसा. त्यांनी विचारलं तेवढंच सांगा."

वर्गात पंधरा मुलं-मुली होत्या, पांढरे कोट घातलेल्या. पहिल्या मुलानं विचारलं, खोकला किती दिवस? बेडका पडतो का? ताप? वजन कमी झालं? नूरजहांनं खरीखरी उत्तरं दिली. दहा मिनिटांनी त्यानं पाच आजारांची यादी केली, त्यात कापूस कुठंच नव्हता. काम काय करता, हे त्यानं विचारलं होतं. ती "मजुरी" म्हणाली आणि त्यानं ते लिहून घेतलं होतं. श्रद्धानं नूरजहांकडं पाहिलं. मग नूरजहां बोलली. मजुरी म्हणजे काय, ढीग कसा असतो, कवडी कशी दिसते, सोमवार कुठं चुकला. मुलं आधी लिहीत होती, नंतर लिहायचं विसरली.

तास संपत आला तेव्हा मागच्या बाकावरची अलफिया नावाची मुलगी उठली. ती देऊळगाव राजाची होती आणि आतापर्यंत काहीच बोलली नव्हती.

"खाला, एक विचारू? हे फॉर्ममध्ये नाही."

"पूस ना."

"तुम्हाला त्या कामात आवडायचं काय?"

 समितीत, ओट्यावर, वॉर्डात, इतक्या लोकांनी नूरजहांला इतकं विचारलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं. 

"थंडीच्या दिसात," ती हळूहळू म्हणाली, "सकायी ढिगात पाय घातला ना, तं आतून कापूस गरम राह्यते. उन्हात वेचलेला असते, गाडीत दाबलेला असते, त्याची ऊब आतच राह्यते. बाहेर हात गारठते आन् पाय घातला का असं वाटे का घरी आलो. सत्यभामाबाई तिच्या सुनेच्या गोष्टी सांगे. आमी मुद्दाम खोल बसो."

"किती खोल?" अलफियानं विचारलं.

नूरजहांनं आपल्या छातीपाशी हात आडवा धरला. अलफियानं तो हात बघितला आणि मग शेजारच्या मुलाची वही ओढून घेऊन तिच्यात 'छातीपर्यंत' असं लिहून घेतलं.